डाव्या हाताने काढलेलं घर

सुट्टी लागून अकरा दिवस झाले होते आणि भुंगी बोलत नव्हती.

अगदी मुकी झाली होती असं नाही. "दूध." "नको." "झालं." असे सुटे शब्द तिच्या तोंडून पडत, पण शब्दाला शब्द जोडून वाक्य म्हणून काही बाहेर येत नव्हतं. आणि भुंगीचं नाव भुंगी पडलं होतं ते काही उगीच नव्हे. पाळण्यात होती तेव्हापासून तिची गुणगुण सुरू झाली, दुसऱ्या वर्षी त्या गुणगुणीला शब्द फुटले, आणि तेव्हापासून नऊ वर्षांची होईपर्यंत ती थांबली नव्हती. झोपेतही बोलायची, आणि उत्तर मिळालं नाही तर झोपेतच रागवायची.

घरात ही गोष्ट सगळ्यांत उशिरा लक्षात आली ती भुंगीच्या बाबांच्या. पहिले तीन-चार दिवस त्यांना नुसतं बरं वाटत होतं. का बरं वाटतंय ते कळत नव्हतं. कुणीतरी जुना पंखा बदलून नवा बसवावा तसं घर शांत आणि गार वाटत होतं. बाबा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर पाठ वाकवून घरांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पाठ सरळ करायची, एवढा त्यांचा कार्यक्रम.

"अरे बाळ्या," आजी एका सकाळी म्हणाली, "पोरगी गप्प आहे, तुला काही आहे का त्याचं?" आजी म्हणजे बाबांची आई. तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी तिच्या नुसत्या खाकरण्यानं समोरचा माणूस खिशातून हात बाहेर काढत असे.

"गप्प आहे? चांगलंय की," बाबा म्हणाले आणि मग भुंगीकडे बघून चपापले. ती पावाचा तुकडा दुधात बुडवून शहाण्यासारखी खात होती. एक थेंब सांडला नव्हता.

"काय झालं गं भुंगे?"

"काही नाही."

"कुणी काही बोललं का?"

भुंगीनं क्षणभर विचार केला. "खास नाही," ती म्हणाली, आणि बशी उचलून आत घेऊन गेली. स्वतःहून! आजीनं छातीला हात लावला.

डॉक्टर झाले. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला आणि इतका सुरेख घसा बऱ्याच दिवसांत पाहिला नाही असं सर्टिफिकेट दिलं. मग भुंगीच्या आईनं सूत्रं हातात घेतली. आई विजेच्या कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसायची. रोज दीडशे लोकांच्या तक्रारी ऐकल्यावर घरी आल्यावर तिला कुणाचं काही ऐकवत नसे, पण निर्णय मात्र ती चटकन घेई.

"समुपदेशन," ती म्हणाली. "शेजारच्या वहिनींच्या दोन्ही मुलांना फरक पडला. सुट्टीतच करून घ्यावं म्हणतात. एरवी शाळा, अभ्यास, क्लास... मुलांना मन मोकळं करायला वेळच नसतो. अहो, बाईंचं ऑफिस तुमच्या ऑफिसच्या गल्लीतच आहे. दर गुरुवारी चार वाजता तुम्ही घेऊन जायचं."

"मी?"

"सगळं मीच करते. हे एक काम तुम्ही करा."

'हे एक काम' असं आई म्हणाली की बाबा सावध होत. कारण आजवर सोपवलेल्या प्रत्येक 'एका कामात' त्यांनी काहीतरी घोळ घालून ठेवला होता.

समुपदेशक बाई मृदू आवाजाच्या, गोल चष्म्याच्या होत्या. त्यांच्या खोलीत बुटक्या खुर्च्या होत्या आणि बाबांना गुडघे कानाशी घेऊन बसावं लागलं. अर्धा तास बाई भुंगीशी बोलल्या. भुंगी 'हो', 'नाही' आणि 'ठीक' एवढ्या तीन शब्दांत पुरून उरली. शेवटी बाईंनी तिला एक मोठा पांढरा कागद दिला.

"बोलावंसं वाटत नाही ना? नको बोलूस. आपलं घर आणि घरातली माणसं काढून आण. तुझ्याऐवजी चित्र बोलेल." मग बाबांकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि हिला कुणीही मदत करायची नाही. रेघसुद्धा नाही."

"छे छे!" बाबा म्हणाले.

पुढच्या गुरुवारी सकाळी कागद तसाच कोरा करकरीत होता. बाबांनी गोड बोलून पाहिलं, रंगीत खडूंची पेटी आणून दिली. भुंगी मान हलवायची. नाही म्हणजे नाही. इकडे आईनं ऑफिसला निघताना बजावलं, "चित्र न्यायला विसराल. विसरू नका."

बाबांनी कोरा कागद गुंडाळून नळीत घातला आणि ते ऑफिसला गेले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो टेबलावर पसरला. कोरा कागद नेला तर बाई आईला फोन करणार, आई म्हणणार, "एक काम सांगितलं होतं." पुढचं संभाषण त्यांना पाठ होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पेन्सिल डाव्या हातात धरली आणि नऊ वर्षांच्या मुलीसारखं घर काढायला सुरुवात केली.

वाटलं होतं तितकं ते सोपं नव्हतं. बावीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाचा हात भिंत म्हणून एकच रेघ ओढायला तयार होईना. भिंतीला जाडी नको? म्हणून प्रत्येक भिंत दुहेरी झाली. दार काढलं की ते कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवणारी गोल कमान आपोआप उमटली. जिन्याला तर त्यांनी मोजून सतरा पायऱ्या काढल्या. मग माणसं. आजीचं डोकं डाव्या हातानं जरा मोठंच निघालं. त्या मापानं धड काढता काढता आजी छताला जाऊन टेकली. आई कानाला फोन लावून उभी राहिली, भुंगी दाराशी मावली. स्वतः बाबांसाठी जागाच उरली नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःला जिन्याखाली बसवलं. तोंड काढणार एवढ्यात साहेब आले.

तेच चित्र त्यांनी चार वाजता बाईंच्या हातात दिलं. "छान काढलंय तिनं," ते म्हणाले. भुंगीनं मान वर करून बाबांकडे एकदा नीट पाहिलं.

दोन दिवसांनी बाईंनी आईबाबांना एकत्र बोलावलं. भुंगी बाहेरच्या खोलीत लाकडी ठोकळ्यांशी खेळत होती. बाईंनी चित्र टेबलावर ठेवलं आणि त्याच्या कडा तळव्यानं सपाट केल्या.

"मी बारा वर्षं हे काम करतेय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "असं चित्र मी पाहिलेलं नाही."

बाबांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"या भिंती बघा. दुहेरी! मुलीला घर फार भक्कम हवंय. आणि दारापाशी ही कमान... दार नुसतं असून भागत नाही, ते किती उघडेल याचाही ती विचार करतेय. पायऱ्या सतरा आहेत. तुमच्याकडे किती आहेत?"

"सतरा," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. आजवर तिनं त्या मोजल्या नव्हत्या. पण तिथं दुसरा आकडा सांगायचा तिला धीर झाला नाही.

"सहा इंचांची पायरी धरली तर सतराच..." बाबा बोलून गेले आणि जीभ चावून गप्प बसले.

"आता ही आजी. छताला टेकलेली. आणि हे," बाईंनी पेन्सिलीचं टोक जिन्याखाली ठेवलं, "हे बाबा. घरातली सगळ्यात अंधारी जागा. कान आहेत, डोळे आहेत, तोंड नाही. मुलगी गप्प का झाली ते आता कळतंय का? ज्या घरात बाबांना बोलायला जागा नाही, तिथं मी तरी का बोलू, असं तिला वाटतंय."

आईनं पदर डोळ्यांना लावला. "अहो, तुम्ही मला कधी सांगितलं का नाहीत?"

खरं सांगायची ती वेळ होती. बाबांनी तोंड उघडलंही होतं. पण लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि आईनं इतक्या हळुवारपणे त्यांच्याकडे यापूर्वी फक्त एकदा पाहिलं होतं. तेव्हा त्यांना कावीळ झाली होती. "जाऊ दे," ते म्हणाले. "माझं काय एवढं."

त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. बाईंनी सांगितलं होतं, जेवताना सगळ्यांनी एकत्र बसायचं, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि रोज पंधरा मिनिटं बाबा बोलणार, बाकीचे ऐकणार. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. पहिल्या दिवशी बाबांना काय बोलावं ते सुचेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांडपाण्याच्या पाइपाला किती उतार द्यावा हे सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो उतार कमी पडला तर काय होतं हे उदाहरणांसह सांगितलं. आजी ओठ घट्ट मिटून बसे. तिच्या गळ्याशी शब्द येऊन परत जाताना दिसत.

"बोल बाळ्या," ती म्हणे. "पोरीसाठी ऐकतेय मी. बोल."

चौथ्या दिवशी पंधरा मिनिटांची पंचवीस झाली. बाबांना गोडी लागली होती. आणि भुंगी? ती हनुवटीखाली तळवे धरून ऐकत राहायची आणि शेवटी "झालं?" एवढंच विचारून उठायची.

दुसरं चित्र आलं ते 'घरात काय बदलावं' या विषयावर. भुंगीनं कागदाला हातही लावला नाही. बाबांनीही या खेपेस फारसा आग्रह केला नाही. ऑफिसात त्यांनी तीन दिवस जेवणाची सुट्टी त्या चित्रावर खर्च केली. बैठकीच्या खोलीतली मोठी खिडकी काढली. तिथं आजीचं शिलाई मशीन असायचं. त्या जागी एक रुंद टेबल काढलं, टेबलाशी खुर्ची, खुर्चीत बाबा. डाव्या बाजूनं प्रकाश येतोय हेही दाखवलं. कित्येक वर्षं त्यांच्या मनात होतं ते.

बाईंनी चित्र पाहून संध्याकाळीच आईला फोन केला, आणि त्याच रात्री जेवणाआधी आजीनं स्वतः मशीन ढकलत न्यायला सुरुवात केली.

"आई, राहू दे गं," बाबा कळवळून म्हणाले.

"सरक बाजूला. पोरगी बोलणार असेल तर मशीन काय, मी पण माळ्यावर जाऊन बसेन." आजीचे डोळे भरले होते. वसतिगृहाच्या तीनशे मुलींपैकी एकीनंही ते पाहिलं नसेल. मशीन स्वयंपाकघरापलीकडच्या बोळात गेलं. तिथं आजीला सुईत दोरा ओवायला टॉर्च लागू लागला.

बाबा खिडकीशी टेबलावर बसले. प्रकाश सुंदर येत होता. त्यांना तिथं एक रेघही सुचली नाही.

पुढच्या गुरुवारी बाईंनी सगळ्यांनाच बोलावलं, आजीलाही. भुंगी बाहेरच होती. बाईंचा चेहरा उतरलेला होता.

"हे दुसरं चित्र मी पुन्हा पाहिलं," त्या म्हणाल्या. "आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्हीच बघा. यात काय नाही?"

आईनं पाहिलं. आजीनं चष्मा पुसून पाहिलं. बाबांनी पाहिलं आणि बोटानं माणसं मोजली.

चित्रात खिडकी होती, टेबल होतं, फुलदाणी होती. खुर्चीत बाबा होते, मागे आई होती, कोपऱ्यात आजी होती. भुंगी नव्हती.

"मुलगी स्वतःला या घरात धरतच नाहीये," बाई म्हणाल्या. "हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मी मोठ्या डॉक्टरांना पत्र देते. तपासण्या कराव्या लागतील, कदाचित काही दिवस तिला तिथं..."

आईनं बाईंचा हात धरला. आजीच्या तोंडून "अगं माझे बाई" असं काहीसं निघालं. बाबा मात्र चित्राकडेच बघत होते. फुलदाणी काढायला त्यांना वीस मिनिटं लागली होती. पाकळ्यासुद्धा काढल्या होत्या.

"चित्रं मी काढलीत," ते म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, "दोन्ही. मीच काढलीत. तिनं कागदाला हातही लावलेला नाही."

बाईंनी त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं. "मी समजू शकते. मुलीवर काही येऊ नये म्हणून वडील असं बोलतात. दोष स्वतःवर घेतात."

"अहो घेत नाहीये, माझाच आहे!"

"शांत व्हा," आई रडत म्हणाली. "तुमची काही चूक नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच आई असं म्हणत होती, आणि नेमकं आत्ताच! बाबांनी बाईंच्या पुढ्यातला कागद ओढला, पेन्सिल डाव्या हातात धरली आणि सपासप घर काढायला घेतलं. दुहेरी भिंती. दार, दाराची कमान. सतरा पायऱ्या. मोठ्या डोक्याची आजी छताला जाऊन टेकली तेव्हा खरी आजी कागदावर वाकली.

"हे माझं डोकं?" आजीनं विचारलं.

"हो."

"तरीच!" आजी उठून उभी राहिली. "तरीच म्हटलं पोरीचं पाइपावर एवढं काय प्रेम आहे! गाढवा, आठ दिवस मी बोळात टॉर्च लावून फॉल शिवतेय! बारा दिवस मी तोंड शिवून बसलेय! सांडपाणी! मी, सांडपाणी ऐकत बसलेय!"

आईनं पर्सची चेन ओढून बंद केली. ते जास्त भयंकर होतं.

बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा घातला. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "मी कागदालाच विचारत राहिले." मग त्यांनी दार उघडून भुंगीला आत बोलावलं, आणि बुटक्या खुर्चीवर नाही, सरळ जमिनीवर तिच्या समोर बसल्या.

"भुंगे, चित्र तू काढलं नाहीस, हे सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

"बरं. का नाही काढलंस?"

"तुम्ही म्हणालात, चित्र बोलतं. मला बोलायचं नव्हतं."

"का नव्हतं बोलायचं?"

भुंगीनं आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि मग बाबांकडे बघत म्हणाली, "प्रगतिपुस्तकात शाळेतल्या बाईंनी लिहिलंय, फार बडबड करते, गरजेपुरतंच बोलावं. खाली बाबांनी सही केलीय. पेनानं."

बाबांना काहीच आठवेना. दिवसाला तीस-चाळीस नकाशांवर ते सही करत. कुणीतरी काहीतरी पुढे केलं असेल, त्यांनी केली असेल.

"मी... मी वाचलं नव्हतं गं," ते म्हणाले.

"मग सही कशी केलीत?"

ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले. बुटकी खुर्ची परवडली असं गुडघे म्हणाले, पण ते बसले. बाईंच्या टेबलावरचा एक कोरा कागद त्यांनी घेतला आणि उजव्या हातानं, त्यांच्या त्या सुबक नकाशातल्या अक्षरात लिहिलं : ही मुलगी घरात हवं तेवढं बोलू शकते. वर्गात बाई शिकवत असताना थोडं कमी.

सही करणार तोच भुंगीनं हात धरला. "आधी वाचा."

त्यांनी वाचलं. मोठ्यानं वाचलं. आजीनं एका अनुस्वाराची चूक काढली, ती दुरुस्त झाली. मग सही झाली. भुंगीनं कागदाची घडी घातली, फ्रॉकच्या खिशात ठेवली, एक मोठा श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात केली.

महिन्याभराचं साठलेलं होतं. पाऊण तास झाला तेव्हा आईला काही तिच्या तक्रारीच्या खिडकीची आठवण झाली नाही. ती रडत रडत हसत होती. बाईंनी मोठ्या डॉक्टरांसाठी लिहून ठेवलेलं पत्र फाडून टाकलं. "सुट्टी संपेपर्यंत येत जा," त्या म्हणाल्या. "आणि जेवताना एकत्र बसणं मोडू नका. फक्त पाळी लावा. रोज एकानं बोलायचं."

"आज माझी," आजी म्हणाली, आणि तिनं बाबांकडे असं पाहिलं की त्यांची भूक तिथंच मेली.

आई आणि आजी पुढे निघून गेल्या. मशीन अंधार पडायच्या आत खिडकीशी आलेलं दिसलं पाहिजे, एवढं बजावून गेल्या. बाबा आणि भुंगी बसथांब्यावर येऊन बाकावर टेकले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते.

"बाबा, समोरच्या बिल्डिंगमधल्या त्या बँकेतल्या काकू आहेत ना, जाड्या, त्या रोज दुपारी गच्चीवर सायकल शिकतात! खरंच! सायकल लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी करून नेतात आणि कुणी भेटलं तर सांगतात, भाच्याची आहे. डोक्यावर हेल्मेट घालतात आणि कोपरांना उशा बांधतात, आणि पहिल्या दिवशी त्या पाण्याच्या टाकीला धडकल्या आणि टाकीलाच सॉरी म्हणाल्या..."

गृहस्थांनी कपाळाला आठ्या घालून वर पाहिलं. "जरा हळू बोलायला सांगा तिला," ते म्हणाले.

"नाही," बाबा म्हणाले. "तिला परवानगी आहे. लेखी."

गृहस्थांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. बस आली. बाबा उठले नाहीत. गोष्टीत काकूंनी त्या वेळी पहिल्यांदाच दोन्ही पाय पायडलवर ठेवले होते. बस गेली. दुसरी आली, तीही गेली. गृहस्थांचं वर्तमानपत्र हळूहळू खाली येत चाललं होतं.

"...आणि काल काय झालं, त्यांनी दोन फेऱ्या न पडता मारल्या! आणि तिसऱ्या फेरीला त्यांनी एक हात सोडला, असा, आणि समोर खालच्या मजल्यावरच्या आजोबांचे कपडे वाळत होते ना, ती दोरी..."

तिसरी बस येऊन उभी राहिली. गृहस्थ घाईनं उठले, पायरीवर एक पाय ठेवला, आणि थांबले. आतून कंडक्टर ओरडला, "काका, चढताय का?"

"जाऊ द्या हो तुम्ही," गृहस्थ खाली उतरत म्हणाले आणि परत येऊन भुंगीच्या शेजारी बसले. "हं. दोरी. मग?"